पत्र्यावरचं पाणी

माझी बायको गेली त्या दिवशी माझ्या थोरल्या भावानं तिचं साठवलेलं पाणी ओतून दिलं. मी तेव्हा स्मशानात होतो. हे लिहितोय ते मन हलकं करायला नाही. मन हलकं व्हावं असं मला वाटतही नाही. ज्यानं केलं त्याचं केलेलं कुठेतरी राहावं, एवढ्यासाठी लिहितोय.

मी चौथीपर्यंत शिकलो. आम्ही दोघं भाऊ मूळचे शिंदखेड्याकडचे. पोटासाठी जळगावला आलो. मी दालमिलमध्ये लागलो, भाऊ एका कचेरीत शिपाई झाला. गावाबाहेर नवी वस्ती होत होती, तिथं आम्ही एकाला लागून एक अशी दोन घरं बांधली. मागच्या खोल्यांना मधली भिंत एक, पुढच्या खोल्यांमधे हातभर बोळ, वरचा पत्रा एक, चुली दोन. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. नगरपालिकेची लाईन तेव्हा आमच्यापर्यंत आली नव्हती. सगळी वस्ती बोअरवर.

त्या बोअरच्या पाण्याचं काय सांगावं. साबणाला फेस नाही. पातेल्याला आतून पांढरा थर, खरवडून काढावा असा. मी दिवसभर तुरीची डाळ पॉलिश करणारा माणूस, आणि माझ्याच घरात डाळ शिजत नव्हती. दाणा खाली, पाणी वर.

मुलगी रावेरला दिली आणि घर गप्प झालं. बायकोनं एका डॉक्टरच्या दवाखान्यात काचेची पेटी पाहिली, आत मासे. नंबर येऊन गेला तरी उठेना, मला म्हणाली, तुम्ही आत जा, मी बसते. आम्ही तिच्याच औषधासाठी गेलो होतो. मी काचेच्या दुकानातून पेटी करून घेतली. हवेची मोटर आणली. स्टेशनजवळच्या दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत एंजल मासे आणले. चपटे, अंगावर काळे उभे पट्टे, वरखाली लांब पंख. पहिली खेप सगळी मेली. दुसरी पण मेली. दुकानदार म्हणाला, तुमचा हात जड आहे.

पेटीच्या काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा पट्टा धरला होता, तो बायको नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, "ज्या पानीमा दाय शिजत नही, त्या पानीमा मासा काय जगी?"

आमच्याकडे बाया डाळ शिजवायला आणि डोकं धुवायला पावसाचं पाणी धरून ठेवतात, ते काही नवीन नव्हतं. माशांसाठी धरलं ते मात्र हिनंच. पावसाळ्याआधी मला पत्र्यावर चढवलं. झाडून घेतला, कबुतरांची घाण काढली. पत्र्याच्या कडेला पन्हाळ बसवून घेतली. सुरवातीचा पाऊस ती वाहून जाऊ द्यायची, धूळ जाते म्हणून. मग पन्हाळीच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधायची आणि खाली ड्रम. जुने निळे ड्रम, पाईपच्या कारखान्याकडून आलेले, तिनं आत राख लावून इतके घासले होते की मी म्हणालो, आता यात मलाच ठेव. "तुमी मावत नहीत," म्हणाली.

मच्छर होऊ नयेत म्हणून वरून कापड, त्यावर झाकण, त्यावर दगड. ड्रम सावलीत. पाणी बदलायचं तिचं शास्त्र होतं. सगळं कधीच काढायचं नाही. रबरी नळी घेऊन तळातली घाण ओढून काढायची, तिसरा हिस्सा पाणी जाईल एवढीच. ते पाणी मिरचीच्या झाडांना. मग नवीन पाणी, निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं. नुसतं पावसाचं टाकलं तर मासे सुस्त पडतात, हे तिनंच पाहून ठरवलं. पाणी हळू, पेटीच्या काचेवरून ओघळेल असं सोडायचं, हात बुडवून दोन्ही पाणी सारखं गार आहे का बघायचं. लाईट गेली की मोटर बंद, तेव्हा तांब्यानं पाणी उचलून पुन्हा वरून सोडत बसायची, माशांना हवा मिळावी म्हणून. मी झोपा काढायचो.

त्या पाण्यात मासे जगले. मोठे झाले. हाताएवढी जोडी झाली त्यांची, आणि बाकीची लहान.

भाऊ माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि भाऊकीत कोण मेलं, कोण जन्मलं, कुणाला किती दिवस सुतक, कुणी कधी शिवायचं, हे सगळं त्याला विचारून चालायचं. त्याला आमची पेटी खुपली. "माळकरीना घरले लागून मच्छी? लोके काय म्हनतीन?"

बायको म्हणाली, "भाऊ, आम्ही खातो कुठं, पोसतो."

"वास येतो."

"तुमच्या नाकाला भिंत नाही का मधे?" हे ती स्वयंपाकघरातून म्हणाली. माझी बायको थोरल्या दिरासमोर मोठ्यानं बोलायची नाही, पण ऐकू जाईल असं बोलायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच भावानं मागच्या अंगणात सिमेंटची टाकी बांधली. पन्हाळीला आपल्या बाजूनं दुसरं तोंड काढलं. माझ्या बायकोचं पाहून. तोंडानं मात्र म्हणाला नाही. पाणी गोड आहे, डाळ मऊ होते, देवाला चालतं, असं वस्तीभर सांगायचा, जणू ढग त्याच्या ओळखीचे. टाकीला लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. ते सुद्धा मी सहन केलं. एक पत्रा, एक आभाळ, घेऊ दे म्हटलं.

मग बायको आजारी पडली. मूत्रपिंडं गेली होती. तिला धुळ्याला नेलं, परत आणलं. हातपाय सुजले. तिला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. खाटेवर पडून पेटीकडे बघायची आणि विचारायची, पाणी बदललं का. मी हो म्हणायचो. एकदा म्हणाली, "पुढचा पाऊस येईपर्यंत पुरेल तेवढं आहे ड्रममधे. उधळू नका. ती जोडी जगली पाहिजे." स्वतःचं नाव तिनं त्यात घेतलं नाही.

होळी झाली आणि ती गेली.

जळगावला सकाळीच ऊन चढलं होतं. भाऊ म्हणाला, माझे गुडघे धरलेत, मी घराकडचं बघतो, तुम्ही जा. मी अग्नी देऊन, अंघोळ करून परत आलो. रिवाज असा, की मयत उचललं की मागे राहिलेल्या बाया घर झाडतात, साठवलेलं पाणी ओततात, नवीन भरतात. माठ, हंडा, कळशी. ते मला ठाऊक होतं. मी मागच्या दारी पाय धुवायला गेलो तर पायाखाली चिखल. ड्रम आडवे पडलेले. तोंडं उघडी. झाकणावरचे दगड एका बाजूला नीट रचून ठेवलेले. एवढं उन्हाळ्याचं अंगण, आणि मिरचीची झाडं तळ्यात उभी असल्यासारखी.

ओतणाऱ्या बायांनी मला खाली मान घालून सांगितलं, ड्रम राहू द्या असं आम्ही म्हणत होतो, तुमच्या भावानंच सांगितलं, स्वतः उभं राहून.

मी मधल्या भिंतीपलीकडे बघितलं. त्याच्या टाकीचं झाकण जागेवर. कुलूप जागेवर.

आलेल्या माणसांपुढे भावाशी भांडायचं नाही एवढी अक्कल होती. तेराव्यानंतर विचारलं. ओसरीवर बसला होता.

"भाऊ, ड्रम का ओतले?"

"सुतकाचं पाणी. ठेवायचं नसतं."

"मग तुझी टाकी? सुतक तुला पण होतं. दाढी तू पण ठेवली, देव तू पण शिवला नाहीस."

"माझं घर वेगळं. चूल वेगळी." असं म्हणून सुपारी कातरू लागला.

इकडे पेटीत पाणी उन्हानं आटत होतं. मी बोअरचं पाणी टाकत गेलो, दुसरं होतंच काय. पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं. काचेवर पांढरा पट्टा पुन्हा आला. लहान मासे एकेक करून वर तरंगले. मी त्यांना मिरचीच्या आळ्यात पुरलं. मग ती मोठी जोडी राहिली. पंख मिटून कोपऱ्यात उभी राहायची, खायची नाही.

तेव्हा मी कळशी घेऊन भावाच्या दारात गेलो. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणालो, आठवड्याला एक कळशी दे, पाऊस येईपर्यंत.

तो म्हणाला, "माणसांना पुरत नाही आणि मच्छीला?" मग आवाज खाली आणला, समजावणीचा, कीर्तनात बसल्यासारखा. "तुले सांगू? मुका जीव कोंडी ठेवात. त्यासना शाप लागना तिले. आते तरी सोडी दे नदीमा आन घर शुद्ध कर."

मी कळशी उचलली आणि घरी आलो.

ड्रम ओतले ते मी कदाचित विसरलो असतो. म्हातारा माणूस, रिवाजाचा वेडा, म्हणून सोडलं असतं. पण जी बाई मरताना माशांचं पाणी मोजून ठेवते, तिला माशांचा शाप लागला, हे त्यानं म्हटलं. ते मी गिळलं नाही. आजही घशात तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी, म्हणजे भावाची बायको, भिंतीजवळ आली. तिच्या हातात कळशी होती, भरलेली. "धरा लवकर, ते आंघोळीले गयात."

"नको वहिनी."

"मासे मरतील."

"चोरून नको. त्याच्या हातानं घेईन."

"त्यासना हात सुटस का कधी?" म्हणाली आणि कळशी घेऊन परत गेली. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिनं पुष्कळ सोसलं.

वैशाखात निरोप आला. शिंदखेड्याकडे गावी आमचे चुलते वारले. पिकलं पान, दुःख असं कुणाला फार नव्हतं. मी आणि भाऊ एसटीनं धुळ्याला, तिथून दुसऱ्या गाडीनं गावी. तो पुढच्या बाकावर, मी मागच्या.

चुलत्यांच्या भिंतीला लागून आमच्याच भाऊकीतला एक चुलत भाऊ राहायचा. ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं आदल्याच दिवशी लांबच्या विहिरीवरून ट्रॅक्टरनं पाणी आणून दारची टाकी काठोकाठ भरली होती. मयत गेलं, लोक परत आले, आणि हा भावाजवळ येऊन हात जोडून उभा राहिला.

"नाना, मनी टाकी राहू देऊ ना? चूल वेगळी शे मनी."

भाऊकीतले सगळे म्हातारे लिंबाखाली बसलेले. भाऊ मधे. मी काय करत होतो? मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. इतकं लक्ष देऊन मी त्याच्याकडे लहानपणी सुद्धा पाहिलं नसेल.

भाऊ म्हणाला, "चूल वेगळी झाली म्हणून रक्त वेगळं होतं का? भाऊबंद म्हटला की सुतक. साठवलेलं पाणी, थेंब चालत नाही."

"उन्हाळा शे नाना."

"यम उन्हाळा बघतो का?"

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बरोबर बोलला, म्हणाले. ट्रॅक्टरवाल्यानं टाकीचं बूच काढलं. पाणी गल्लीतून वाहत गेलं, त्यात बकऱ्या तोंड घालत होत्या. तो कंबरेवर हात ठेवून बघत राहिला.

सगळं वाहू दिलं मी. मग म्हणालो, अगदी साध्या आवाजात, "भाऊ, मग घरी गेल्यावर आपली जळगावची टाकी पण काढावी लागेल."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं पाहिलं.

"कोनती टाकी?"

"भाऊंची. पावसाचं पाणी आहे. कुलपात."

"भरेल शे?"

"अर्ध्याच्या वर असेल. भाऊ जपून वापरतात."

लिंबाखाली कुणीतरी खोकलं. भाऊ म्हणाला, ते गाव लांब, तिथलं वेगळं, सुतक काही गावोगाव धावत नाही.

"गिरना वलांडी का सुतक उतरी जास का, नाना?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. दोनतीन म्हातारे हसले, मयताचं घर आहे हे विसरून. एक आप्पा होते, सगळ्यांत वडील, ते म्हणाले, "तुझ्याच तोंडचं आहे बाबा. रक्त एक." भाऊकी बाराव्याला पुन्हा जमणार होती, तेव्हा हे विचारलं जाणार, हे भावालाही कळलं. तो म्हणाला, काढू.

"मी बी येस," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "तुमना गुडघा दुखतस, झाकन कोन उचली?"

आणि खरंच आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं. ट्रॅक्टरवाला वाटभर भावाच्या शेजारी बसून विचारत होता, "नाना, माठनं पाणी किती दिवसनं चालस? नाना, बरफले सुतक शे का?" भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मी मागे बसून ऐकत होतो. बायको गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा मी भजी खाल्ली, सुतकात.

घरी आल्यावर भावानं किल्ली शोधायला फार वेळ लावला. वहिनी आत गेली आणि किल्ली घेऊन बाहेर आली. त्याच्या हातात दिली. झाकण ट्रॅक्टरवाल्यानंच उचललं. आत पाणी होतं, गार, तळ दिसेल इतकं स्वच्छ. मला एकदम तिचा हात आठवला, धोतराचं फडकं पिळणारा. पण मी रडायला आलो नव्हतो.

ट्रॅक्टरवाला बूच काढायला वाकला.

"थांब," मी म्हणालो. "वतू नको."

भावाचा चेहरा थोडा उजळला. त्याला वाटलं मी सोडतोय.

"हे पाणी भाऊंच्या घराला चालत नाही, बरोबर?"

"चालत नही," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"प्यायला नाही, डाळीला नाही, देवाला नाही?"

"थेंब चालत नही. नानासनंच तोंडनं शे."

"मग मी नेतो. मासासले कशानं सुतक?"

ट्रॅक्टरवाल्याला समजायला क्षणभर लागलं. मग तो असा हसला की शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. मी ड्रम उभे केले, धुतले, भिंतीच्या कडेला आणून लावले. तो टाकीतून बादली भरून वर द्यायचा, मी घेऊन ड्रममधे ओतायचो. वस्तीतले लोक गोळा झाले. कुणी विचारलं की काय चाललंय, तर ट्रॅक्टरवालाच सांगायचा, सुरवातीपासून, लिंबाखालच्या बोलण्यासकट. मला तोंड उघडावं लागलं नाही.

भाऊ ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. म्हणू शकत नव्हता की पाणी चांगलं आहे. म्हणू शकत नव्हता की नेऊ नको. एकदाच म्हणाला, "तिची मच्छी." तेवढंच.

मी म्हणालो, "हो. तिची."

टाकी तळाला आली तशी वहिनी पदर खोचून बोअरकडे निघाली, डोक्यावर हंडा. जाताना नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आते खा बोअरनी दाय." तिला ते ओझं पडलं याचं मला वाईट वाटलं. त्याचं नाही.

ट्रॅक्टरवाल्याला मी चहा पाजला. तो पेटीजवळ उकिडवा बसला, त्या जोडीकडे बघत. म्हणाला, यांच्यासाठी मी गावाहून आलो होय. मग उठून गेला.

मी नळी घेतली. तळातलं पाणी ओढलं, तिसरा हिस्सा. निम्मं टाकीतलं, निम्मं बोअरचं, हात बुडवून बघितलं, काचेवरून हळूहळू सोडलं. त्या दिवशी काही झालं नाही. जोडी तशीच कोपऱ्यात. दोन दिवसांनी पुन्हा थोडं बदललं. मग एका दुपारी पाहतो तर मादी पुढे आली होती, पंख उघडून. काचेपाशी माझं बोट नेलं तर बोटामागे आली. नर जरा उशिरानं. दोघांनी खाल्लं.

मग मी एक काम केलं. पेटी आतल्या खोलीत होती, ती रिकामी करून, मासे आणि तेच पाणी बादल्यांत धरून, पुढच्या खोलीत आणली. भिंतीपाशी मेज लावून खिडकीत ठेवली. आमची ती खिडकी आणि भावाच्या बसायच्या खोलीची खिडकी समोरासमोर, मधे तो हातभर बोळ. मी मागे एक बल्ब लावला. तो पोथी घेऊन बसला की मान वर केल्यावर त्याला दुसरं काही दिसायचं नाही. त्याच्याच टाकीतलं पाणी, आणि त्यात तिची जोडी, पंख पसरून.

भाऊ दोनतीन दिवस पाठ करून बसला. मग त्यानं ती खिडकी लावून घेतली. आतून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला. जळगावचा वैशाख, वर तापलेला पत्रा, लाईटचा भरवसा नाही, आणि त्या खोलीला हवेची तेवढीच एक वाट. वहिनी अंगणात खाट टाकून बसायची. तो आत. बंद खिडकीमागून त्याचा हातपंखा भिंतीवर आपटल्याचा आवाज यायचा, टप, टप, आणि मग बराच वेळ थांबायचा. मी माझ्या बाजूला खुर्ची टाकून माशांना खायला घालत बसायचो.

पाऊस यायला अजून अवकाश होता. तो लवकर यावा असं मला त्या वर्षी मुळीच वाटलं नाही.